चित्र नको, उत्तर हवे: वेगवान व्हिजन चिपची आखणी कशी करावी

संगणकाच्या ऑप्टिकल माउसच्या पोटात एक छोटा सेन्सर असतो. तो टेबलाच्या पृष्ठभागाचे जेमतेम वीस-तीस पिक्सेल रुंदीचे चित्र सेकंदाला हजारो वेळा टिपतो, लागोपाठच्या दोन चित्रांत पृष्ठभाग किती सरकला हे त्याच चिपवर मोजतो आणि संगणकाकडे दोनच आकडे पाठवतो: आडवे किती आणि उभे किती. टिपलेले चित्र एरवी चिपबाहेर येतच नाही. प्रकाश टिपणे आणि त्यावर हिशेब करणे ही दोन्ही कामे एकत्र करणाऱ्या चिपला व्हिजन चिप म्हणतात, आणि ती आखताना हा माउस सतत डोळ्यांसमोर ठेवावा. या क्षेत्रात नव्याने येणारा अभियंता बहुधा पिक्सेलपासून सुरुवात करतो आणि चिपमधून बाहेर काय पाठवायचे हे शेवटी ठरवतो. क्रम नेमका उलटा हवा.

बाहेर काय पाठवायचे?

१,२८० × १,०२४ पिक्सेल, दर पिक्सेलला १० बिट आणि सेकंदाला १,००० फ्रेम असा हिशेब मांडला, तर सेकंदाला सुमारे १३.१ अब्ज बिट चिपच्या पिनांवरून बाहेर काढावे लागतात. हे आज अशक्य नाही. पण त्यासाठी वेगवान वाहिन्या लागतात, वीज लागते, पलीकडे तेवढ्याच ताकदीचा संगणक लागतो आणि चित्र तिथे पोहोचून उत्तर परत येईपर्यंत मोलाचा वेळ खर्ची पडतो. आता समजा, रोबोच्या हाताला समोरून येणाऱ्या वस्तूचा मध्यबिंदू तेवढा हवा आहे. त्यासाठी तीन बेरजा पुरतात: वस्तूत किती पिक्सेल आहेत, त्यांच्या आडव्या निर्देशकांची बेरीज आणि उभ्या निर्देशकांची बेरीज. वस्तूने संपूर्ण चित्र व्यापले तरी पहिली संख्या २१ बिटांत आणि उरलेल्या दोन प्रत्येकी ३० बिटांत मावतात. म्हणजे दर फ्रेमला ८१ बिट आणि सेकंदाला ८१ हजार बिट, मूळ डेटाच्या सुमारे एक लाख साठ हजाराव्या हिश्श्याइतके. शेवटचा भागाकार (निर्देशकांच्या बेरजा भागिले पिक्सेलची संख्या) बाहेरच्या मायक्रोकंट्रोलरवर सोडून द्यावा. चिपवर भागाकाराचे सर्किट बसवण्याचा मोह अनेकांना होतो, पण मिलिसेकंदात दोनदा लागणाऱ्या कामासाठी ती जागा खर्चण्यात अर्थ नाही.

दुसरा आकडा वेगाचा. वस्तूच्या ठिकाणी ६४० मिलिमीटर रुंदीचे क्षेत्र १,२८० पिक्सेलवर पडत असेल, तर एक पिक्सेल म्हणजे अर्धा मिलिमीटर. वस्तू सेकंदाला अर्धा मीटर या वेगाने आडवी जात असेल, तर एका मिलिसेकंदात ती बरोबर एक पिक्सेल सरकते. हा एक पिक्सेल फार कामाचा आहे. वस्तू दोन फ्रेमच्या मधल्या काळात एका पिक्सेलहून अधिक सरकत नसेल, तर तिला नव्याने शोधावे लागत नाही: आधीच्या फ्रेममधील वस्तूचा ठसा चारही बाजूंना एकेक पिक्सेल फुगवायचा, त्याचा आताच्या काळ्या-पांढऱ्या चित्राशी ‘अँड’ करायचा, म्हणजे दोन्हींत पांढरे असलेले पिक्सेल तेवढे ठेवायचे, आणि उरेल तो नवा ठसा मानायचा. सेकंदाला ३० फ्रेमच्या कॅमेऱ्यात हीच वस्तू दोन फ्रेममध्ये ३३ पिक्सेल उडी मारते आणि मग वैशिष्ट्ये जुळवणे, अंदाज बांधणे, हरवलेली वस्तू पुन्हा शोधणे असा सगळा पसारा अंगावर येतो. वेग वाढला की गणित सोपे होते, आणि सोपे गणित लहान प्रोसेसरवर बसते. चिपवर हिशेब करणे परवडते ते या एका कारणामुळे. मात्र वस्तूचा वेग सेकंदाला ५ मीटर झाला, तर उडी १० पिक्सेलची होते आणि ही पद्धत तशीच वापरता येत नाही. तेव्हा एकतर फ्रेमदर वाढवावा, नाहीतर पिक्सेल कमी करावेत. अनेकदा पिक्सेल कमी करणे हाच शहाणपणाचा मार्ग असतो.

फ्रेमदर आणि विलंब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही आराखड्याच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावे. एक मिलिसेकंद एक्स्पोजर (प्रकाश गोळा करणे), पुढचा मिलिसेकंद रीडआउट (पिक्सेल वाचणे) आणि तिसरा हिशेब अशी साखळी असेल, तर फ्रेमदर १,००० राहतो. पण एक्स्पोजरच्या मध्यापासून मोजल्यास उत्तर अडीच मिलिसेकंद जुने असते. नियंत्रण प्रणाली डळमळते ती या जुनेपणामुळे. म्हणून ओळ वाचून होताच तिचा हिशेब सुरू होईल अशी रचना ठेवावी, म्हणजे तिसरा मिलिसेकंद जवळपास पूर्ण वाचतो.

प्रोसेसर कुठे बसवायचा?

याची तीन प्रमुख उत्तरे आहेत. पहिल्यात प्रत्येक पिक्सेलशेजारी स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कार्व्हर मीड आणि मिशा महोवाल्ड यांनी कॅल्टेकमध्ये बनवलेला सिलिकॉन रेटिना या विचाराचा पूर्वज म्हणता येईल. तो डोळ्याच्या पडद्यातील पेशींच्या धर्तीवर अॅनालॉग सर्किटांनी काम करत असे. टोकियो विद्यापीठात मासातोशी इशिकावा यांच्या गटाने एका मिलिसेकंदात एक फेरी पूर्ण करणाऱ्या, प्रोग्रॅम करता येण्याजोग्या डिजिटल चिपचा मार्ग घेतला. मँचेस्टर विद्यापीठात प्योत्र दुदेक यांच्या गटाची २०१३ मध्ये सादर झालेली स्कॅम्प-५ ही चिप १८० नॅनोमीटर तंत्रावर २५६ × २५६ प्रोसेसर घेऊन सेकंदाला एक लाख फ्रेमपर्यंत काम करते. दुसऱ्या उत्तरात प्रत्येक स्तंभाच्या तळाशी एक प्रोसेसर असतो आणि तो आपल्या स्तंभातील पिक्सेल एकामागून एक हाताळतो. तिसऱ्यात पिक्सेलचा थर वर आणि हिशेबाचा थर खाली अशा दोन चकत्या एकमेकींवर जोडल्या जातात. सोनीच्या अभियंत्यांनी २०१७ मध्ये मांडलेली एक मिलिसेकंदाची चिप स्तंभनिहाय प्रोसेसर अशा खालच्या थरात ठेवते, तर त्याच कंपनीच्या २०२० मधील आयएमएक्स५०० मध्ये खालच्या थरात न्यूरल नेटवर्क चालवणारा प्रोसेसर आहे.

पहिल्यांदा चिप करणाऱ्याने स्तंभनिहाय रचना निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पिक्सेलनिहाय रचना कागदावर देखणी दिसते, पण तिची किंमत प्रकाशात मोजावी लागते.

प्रकाशाचा जमाखर्च

हे काम लेआउटच्या (चिपवरील सर्किटांच्या मांडणीच्या) आधी, साध्या कागदावर करावे. खोलीत ५०० लक्स प्रकाश आहे, वस्तू त्यातील ३० टक्के परत फेकते आणि भिंगाचे छिद्र एफ/२ आहे असे धरल्यास सेन्सरच्या पृष्ठभागावर सुमारे ९ लक्स पडतात. ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशासाठी १ लक्स म्हणजे दर चौरस मायक्रोमीटरला सेकंदाला साधारण ४,१०० फोटॉन. पिक्सेल १० × १० मायक्रोमीटरचा आणि एक्स्पोजर एक मिलिसेकंदाचे असेल, तर त्यावर सुमारे ३,७०० फोटॉन येतात आणि ५० टक्के क्वांटम कार्यक्षमता (दर दोन फोटॉनमागे एक इलेक्ट्रॉन) धरली, तर जास्तीत जास्त १,८५० इलेक्ट्रॉन मिळतात. आता पिक्सेलमध्ये प्रोसेसर कोंबल्यामुळे प्रकाशाचे विजेत रूपांतर करणाऱ्या फोटोडायोडला १० टक्केच जागा उरली असेल, तर हाती १८५ इलेक्ट्रॉन पडतात. फोटॉनच्या येण्यातच वर्गमुळाइतका चढउतार असतो, तो इथे साधारण १३.६; म्हणजे सिग्नल आणि नॉइज यांचे गुणोत्तर १४ च्याही खाली. थर एकमेकांवर रचून ८० टक्के जागा प्रकाशाला दिली, तर तेच गुणोत्तर ३८ च्या आसपास जाते. भिंग, दिवा आणि दृश्य तेच असते, फरक सगळा आराखड्यातून येतो.

यात रिसेट नॉइज, म्हणजे एक्स्पोजरआधी पिक्सेल रिकामा करताना उरणारी अनिश्चितता, अजून धरलेलाच नाही. इलेक्ट्रॉनमागे १०० मायक्रोव्होल्ट देणारा नोड (चार्ज साठून व्होल्टेज बनते ती जागा) म्हणजे १.६ फेम्टोफॅरड धारकता, आणि खोलीच्या तापमानाला तो नोड रिसेट करताना सुमारे १६ इलेक्ट्रॉनांची अनिश्चितता मागे राहते. वरच्या १८५ इलेक्ट्रॉनांच्या उदाहरणात ही भर पडली की गुणोत्तर ९ च्याही खाली घसरते. उपाय जुना आणि खात्रीचा आहे: पिन्ड फोटोडायोड (जमलेला चार्ज वाचनाच्या नोडवर पूर्णपणे सरकवू देणारा) वापरावा, रिसेटची पातळी आधी वाचावी, मग सिग्नल वाचावा आणि एकातून दुसरी वजा करावी. अडचण ग्लोबल शटरची. वेगाने हलणारी वस्तू ओळीओळीने टिपली की ती तिरकी किंवा ताणलेली दिसते, म्हणून सर्व पिक्सेल एकाच क्षणी बंद करणे भाग असते. पण पाच ट्रान्झिस्टरांच्या साध्या ग्लोबल शटर पिक्सेलमध्ये चार्ज वाचनाच्या नोडवरच थांबून राहतो आणि त्यामुळे रिसेटची पातळी आधी वाचता येत नाही. चार्ज साठवण्यासाठी वेगळा नोड दिला की हा प्रश्न सुटतो, तथापि तो नोड धातूच्या थराने नीट झाकावा लागतो, अन्यथा वाचनाची वाट पाहत असताना त्यावर प्रकाश झिरपतो आणि तेजस्वी वस्तूमागे शेपूट दिसू लागते.

प्रकाश वाढवता येत असेल, तर तो खुशाल वाढवावा. फ्रेमच्या सुरुवातीला काही मायक्रोसेकंद चमकणारा एलईडी आणि त्याच्याशी जुळवलेले एक्स्पोजर ही जोडी सर्किटमधल्या महिनाभराच्या कसरतीपेक्षा अनेकदा स्वस्त पडते.

एडीसीचा घड्याळी पेच

१,०२४ ओळी एका मिलिसेकंदात वाचायच्या, तर एका ओळीच्या वाट्याला ०.९८ मायक्रोसेकंद येतो. प्रत्येक स्तंभाखाली एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारे सर्किट, लागतो. तो रॅम्प (टप्प्याटप्प्याने चढणाऱ्या व्होल्टेजशी तुलना) वापरणारा साधा असला, तर १० बिटांसाठी त्याला १,०२४ टप्पे मोजायचे असतात, म्हणजे एका गिगाहर्ट्झपेक्षा वेगवान क्लॉक लागतो. शिवाय रिसेटची पातळी वाचण्याचा आणि स्तंभाच्या लांब तारेवरील व्होल्टेज स्थिरावण्याचा वेळ त्याच ०.९८ मायक्रोसेकंदातून काढायचा असतो. हे जमण्यासारखे नाही. यातून वाट काढण्यासाठी स्तंभाला चार तारा द्याव्यात आणि चार ओळी एकदम वाचाव्यात, म्हणजे वेळ चौपट होतो, पण एडीसीही चौपट लागतात; किंवा दहा पायऱ्यांत काम उरकणारा सक्सेसिव्ह अॅप्रॉक्झिमेशन एडीसी घ्यावा, ज्याच्या कपॅसिटरांना अरुंद स्तंभात बसवणे हा स्वतंत्र व्याप आहे. विचारण्याजोगा आणखी एक प्रश्न म्हणजे १० बिट खरोखर हवेत का. ठसा काढण्यासाठी ६ बिट अनेकदा पुरतात, आणि ६ बिटांना रॅम्पचे ६४ टप्पे लागतात.

शंभर चक्रांत काय काय मावते?

१,२८० स्तंभांना १,२८० प्रोसेसर आणि १०० मेगाहर्ट्झचा क्लॉक दिला, तर एका मिलिसेकंदात प्रत्येकाला एक लाख चक्रे मिळतात आणि त्याचे १,०२४ पिक्सेल असल्याने दर पिक्सेलला साधारण ९७ चक्रे. ही शिदोरी एकेक चक्र मोजून खर्चावी. प्रोसेसर एकेका बिटावर काम करणारा आणि त्याची मेमरी एकेरी पोर्टची (एका चक्रात एकच वाचन किंवा लिखाण करू देणारी) असेल, तर ८ बिटांच्या वजाबाकीत दर बिटाला दोन वाचने आणि एक लिखाण धरून २४ चक्रे जातात. उत्तर ऋण असल्यास चिन्ह बदलून घेण्यात १६, आणि सर्व प्रोसेसरांना एकदम पाठवलेल्या ठरावीक सीमेशी तुलना करण्यात ८. म्हणजे पार्श्वभूमी वजा करून काळे-पांढरे चित्र मिळवण्यात ४८ चक्रे संपली. ठसा फुगवणे आणि ‘अँड’ करणे ही एकबिटी कामे उरलेल्यात आरामात बसतात. पण कोणी त्याआधी ३ × ३ पिक्सेलचे गुळगुळीतीकरण हवे म्हणाले, तर आडवे-उभे वेगळे करूनही चार बेरजा लागतात, त्यांना शंभरच्या आसपास चक्रे जातात आणि गणित तिथेच फसते. अशा वेळी प्रोसेसर चार बिटांचा करावा किंवा मेमरीला दुसरा पोर्ट द्यावा. क्लॉक दुप्पट करण्याचा मार्ग मी सर्वांत शेवटी ठेवेन, कारण त्यातून निघणारी उष्णता थेट पिक्सेलखाली साचते आणि सिलिकॉनमधील काळोखी प्रवाह (प्रकाश नसतानाही वाहणारा) तापमान सात-आठ अंशांनी वाढले की साधारण दुप्पट होतो.

मेमरीचा अंदाजही याच बैठकीत घ्यावा. पार्श्वभूमीची पूर्ण फ्रेम ८ बिटांत साठवायची तर सुमारे १ कोटी ५ लाख बिट लागतात. एका थराच्या चिपवर ती जागा बहुधा नसते. ठसा मात्र एकबिटी असल्याने १३ लाख बिटांत राहतो. पार्श्वभूमी चौपट खडबडीत करून साठवणे किंवा ती वजा न करता प्रकाशयोजनेच्या जोरावर थेट सीमा लावणे, यांपैकी एक तडजोड करावीच लागते.

मध्यबिंदूसाठी एक युक्ती इथे सविस्तर सांगण्याजोगी आहे. प्रत्येक स्तंभ आपल्यातील पांढऱ्या पिक्सेलची संख्या आणि त्यांच्या ओळक्रमांकांची बेरीज स्वतःच ठेवू शकतो, पण आडव्या निर्देशकासाठी प्रत्येक स्तंभाच्या संख्येला स्तंभक्रमांकाने गुणावे लागेल असे वाटते. गुणाकार न करताही हे साधते. स्तंभांच्या संख्या उजव्या टोकापासून एकेक करून बाहेर सरकवाव्यात. पहिल्या बेरीजयंत्रात त्या साचत जाव्यात आणि दर चक्राला पहिल्या यंत्रातील साचलेली बेरीज दुसऱ्या यंत्रात मिळवावी. शून्य क्रमांकाचा शेवटचा स्तंभ आला की दुसरे यंत्र थांबवावे आणि पहिल्यात तेवढी ती संख्या मिळवावी. पाचव्या क्रमांकाच्या स्तंभातील संख्या दुसऱ्या यंत्रात बरोबर पाच वेळा मिळवली गेलेली असते, आणि हेच प्रत्येक स्तंभाला लागू पडते. १०० मेगाहर्ट्झवर १,२८० चक्रे म्हणजे १२.८ मायक्रोसेकंद, एवढ्यात दोन साध्या बेरीजयंत्रांवर काम होते.

लेआउट

कॅमेऱ्याच्या सेन्सरमध्ये डिजिटल भाग शांत असावा अशी अपेक्षा असते, पण इथे तो पिक्सेलला खेटूनच गोंगाट करत असतो. अॅनालॉग आणि डिजिटल पुरवठा वेगळे ठेवणे, डिजिटल भाग खोल एन-विहिरीत (सिलिकॉनमधल्या विजेने वेगळ्या केलेल्या कप्प्यात) बंदिस्त करणे आणि भोवती संरक्षक कडी देणे हे सर्व करावेच; तथापि सर्वाधिक उपयोग वेळापत्रकाचा होतो. एडीसी ज्या क्षणी नमुना घेतो, त्याच्या आसपास प्रोसेसरांचा क्लॉक काही चक्रे थांबवता यावा, अशी सोय सूचनासंचातच ठेवावी.

सर्व प्रोसेसर एकच आदेश एकाच क्षणी पाळतात, हे वैगुण्य पुरवठ्याच्या तारांना भोवते. २५६ × २५६ च्या रचनेत प्रत्येक प्रोसेसरने सरासरी अवघे १० मायक्रोअॅम्पिअर घेतले, तरी एकूण ०.६५ अॅम्पिअर होतात, आणि क्लॉकच्या कडेला तात्कालिक प्रवाह याच्या कितीतरी पट असतो. कडेपासून मध्याकडे जाताना व्होल्टेज खचते, आणि नेमक्या चित्राच्या मध्यभागी बेरजा चुकू लागतात. तारा रुंद केल्या तर प्रकाशाची वाट अडते. क्लॉक ओळींच्या गटांनुसार थोडा थोडा मागे-पुढे करणे हा त्यातल्या त्यात स्वस्त उपाय आहे.

परत आलेली चिप तपासताना

चाचणीची सोय टेप-आउटआधीच, म्हणजे आराखडा कारखान्याकडे पाठवण्यापूर्वीच, आत असावी लागते. आमच्या एका चिपमध्ये जागा वाचवण्यासाठी कच्चे चित्र बाहेर काढण्याची वाट काढून टाकली होती. चिप आली, मध्यबिंदू चुकीचा येत होता, आणि दोष पिक्सेलचा, एडीसीचा की प्रोग्रॅमचा हे ठरवण्यातच कित्येक आठवडे गेले. तेव्हापासून मी सेकंदाला पाचच फ्रेम देणारी का होईना, पण कच्च्या चित्राची एक वाट ठेवतोच. दुसरी सोय म्हणजे प्रकाशाविना चाचणी: रिसेटच्या वेळी ठरावीक ओळींना वेगळे व्होल्टेज देता आले, तर पट्ट्यांचे विद्युत-चित्र तयार होते आणि भिंगाविना, अंधारात, वेफरवरच एडीसी आणि प्रोसेसर तपासता येतात. तिसरी सोय चिपबाहेरची आहे: प्रत्येक बिट जुळेल असे सॉफ्टवेअर मॉडेल आधी लिहावे, एफपीजीएवर (हवे ते डिजिटल सर्किट भरता येणाऱ्या तयार चिपवर) तोच प्रोग्रॅम चालवावा, आणि चिपचे प्रत्येक उत्तर त्याच्याशी ताडून पाहावे.

विलंब मोजण्यासाठी सेन्सरसमोर एक एलईडी ठेवावा, तो पेटवणारी तार आणि चिपची उत्तराची पिन ऑसिलोस्कोपच्या दोन वाहिन्यांना जोडावी आणि एलईडी फ्रेमशी न जुळवता शेकडो वेळा पेटवावा. मिळणाऱ्या विलंबांचा पसारा साधारण एका फ्रेमइतका दिसला पाहिजे. अधिक दिसला, तर साखळीत कुठेतरी एखादी फ्रेम विनाकारण थांबते आहे.

पहिले चित्र पाहून अनेक जण घाबरतात, कारण मध्यबिंदू शांत वस्तूवरही थरथरत असतो. चिपला दोष देण्यापूर्वी खोलीतला दिवा पाहावा. ५० हर्ट्झच्या विजेवर चालणाऱ्या साध्या दिव्याचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. सेकंदाला १,००० फ्रेम घेणाऱ्या चिपला तो चढउतार दर दहा फ्रेमना एकदा स्पष्ट दिसतो, ठरावीक सीमेमुळे ठशाची कड त्याच तालात आत-बाहेर होते आणि तिच्यामागोमाग मध्यबिंदू हलतो. बॅटरीवर चालणारा एलईडी लावून पाहावा आणि थरथर थांबली, तर सीमा फ्रेमच्या सरासरी उजेडानुसार बदलणारी करावी.